हरतालिकेच्या दिवशीचं माप

आमच्या दुसरबीडला मेन रोडवर, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जिम निघालं, तेव्हा मी स्टाफरूममध्ये एक भाषणच ठोकलं होतं. ज्या गावातली माणसं उजाडल्यापासून सोयाबीनमध्ये वाकलेली असतात, तिथं वर जाऊन लोखंड उचलायला कोण रिकामं आहे, असा माझा मुद्दा होता. थोड्याच दिवसांत माझा मुद्दा तोंडावर आपटला. खाली युरियाला रांग आणि वर डंबेलला. वर जाणारे बहुतेक आम्हीच होतो, पगारदार, खुर्चीतले, पँटचा हूक श्वास रोखून लावणारे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. दिवसभर चूक-बरोबर करून करून माणसाला खोड लागते. मला तर फारच लागली. दुकानदार चुकीचं बोलला तर मी त्याला दुरुस्त करतो, पाव्हणा चुकला तर त्यालाही. त्यात माझा स्वभाव तापट आणि जिभेला हाड नाही. बायको म्हणते, "शाळा सुटली तरी तुमचा तास काही सुटत नाही." मी हे हसण्यावारी नेत असे.

तर त्या जिममध्ये शरीर मोजायचं मशीन आलं. दिसायला साधंच. खाली पाय ठेवायला धातूच्या पट्ट्या, वर दोन्ही हातांत धरायच्या मुठी. अनवाणी उभं राहायचं, मुठी धरायच्या, हात अंगापासून जरा लांब ठेवायचे आणि मिनिटभर गप्प राहायचं. मला शेवटची अट सगळ्यात अवघड गेली. अंगातून अगदी बारीक करंट जातो, तो आपल्याला कळतही नाही. मग एक कागद निघतो. वजनात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, पोटात आतड्यांभोवती साचलेली चरबी किती, आणि सगळ्यात खाली, जखमेवर मीठ म्हणून, शरीराचं वय किती.

मी शाळेतल्या दोघांबरोबर गेलो होतो. माझ्यात एकतीस टक्के चरबी निघाली. पोटातल्या चरबीचा आकडा दहाच्या आत हवा होता, तो चौदा निघाला. माप घेणारी मुलगी चिखलीकडची होती, नुकतीच शिकून आलेली. ती म्हणाली, "सर, वजनाचं एवढं नाही. बाहेरून हाताला लागते ती चरबी परवडली, ही आतली वाईट. रोज चाला." मी तिला माझी हाडं जड असल्याचं सांगितलं. तिनं कागदावरचा हाडांचा आकडा दाखवला. तो अगदी बेताचा होता. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि घरी येऊन बायकोला फक्त वजन सांगितलं. तेही दोन किलो कमी करून.

पण माझ्या मापानं मला जेवढं गप्प केलं, तेवढंच दुसऱ्याच्या मापाबद्दल कुतूहल जागं झालं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, त्यातली गत. आणि दुसरं म्हणजे घरात बायकोच. मुलगी शिकायला बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच.

माझी बायको शिवणकाम करते. लग्नात ती शेवग्याच्या शेंगेसारखी होती. मुलगी झाल्यावर भरली, आणि नंतर वर्षानुवर्षं मशीनवर बसून कंबर, दंड सुटले. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. गावातल्या अर्ध्या बायकांची मापं तिच्या डोक्यात होती आणि कुणाची कंबर किती वाढली हे ती कुणाला सांगत नसे. टाक्याची जागा जरा सैल सोडून द्यायची आणि वर "तुमचं कापडच आटलं जरा" असं सांगायची. मी हे कितीदा ऐकलं होतं, पण त्यातून काही शिकलो नाही.

जिमच्या दारावर पाटी होती की मापाच्या आधी तीन-चार तास काही खाऊ नये. ती पाटी वाचून माझं डोकं चाललं. हरतालिका जवळ आली होती. बायको हरतालिका निर्जळी करते, आदल्या रात्री जेवली की दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. साखर तपासायला लोक उपाशीपोटी जातात, तसंच हे. उपास आहेच, त्यातच माप उरकून घ्यावं. एका दगडात दोन पक्षी.

"आज नको," ती त्या दिवशी सकाळी म्हणाली. "वाळू आणाची हाय, पत्री तोडाची हाय. उद्या-परवा जाऊ."

"उद्या गणपती. परवा तू म्हणशील महालक्ष्मीचे ब्लाऊज राह्यले. अन् आजच तं खरं माप येते. तुह्या पोटात काहीच नाही."

"पाणी बी नाही."

"मंग तं अजून चांगलं," मी म्हणालो.

हे वाक्य मी मास्तरच्या आवाजात म्हटलं होतं. त्या आवाजावर वर्गात कुणी शंका विचारत नाही. तिनंही विचारली नाही. पदर खोचला आणि निघाली.

वर गेल्यावर माप घेणाऱ्या मुलीनं अंगावरचा धातू काढायला सांगितलं. बांगड्या काचेच्या होत्या, त्या राहिल्या. मंगळसूत्र बायकोनं तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत काढून माझ्या हातात दिलं. जोडव्यांची वेळ आली तेव्हा मात्र तिनं पायाची बोटं आत घेतली.

"आज जोडवी काढू?" ती मला म्हणाली.

"मशीनले सण कळत नाही," मी खेकसलो.

"राहू द्या सर, चालते," मुलगी म्हणाली.

मग मशीनला तिचे पाय लागेचनात. लहानपणापासून शेतात अनवाणी फिरून तिच्या टाचांना भेगा आहेत, कातडं कोरडं आणि जाड. मुलीनं ओलं फडकं आणून तिचे तळवे पुसले. मी घड्याळात बघत होतो. मुलीनं उंची, वय घातलं आणि विचारलं, "ताई, सकाळपासून काही खाल्लं? पाणी किती पेलं?"

बायकोनं तोंड उघडलं होतं, पण उत्तर मी दिलं. "काल रात्रीपासून काहीच नाही. एकदम रिकामं पोट. तू घे."

मुलीनं एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं आणि बटण दाबलं.

अडतीस टक्के. शरीराचं वय पंचावन्न. तिचं खरं वय बेचाळीस. मी तो कागद खिडकीशी नेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. पाण्याच्या रकान्यापुढे खाली वळलेला बाण होता, त्याच्यावरून माझी नजर नुसती घसरून गेली. मला चरबी बघायची होती, मला चरबी दिसली. मागं मुलगी तिला चप्पल घालायला आधार देत काहीतरी हळू बोलत होती. मी वाचत होतो.

"पंचावन्न निघालं तुहं वय," जिना उतरताना मी म्हणालो. "आता तुले मावशी म्हणावं लागते."

"हाव का," ती म्हणाली आणि कठडा धरून उतरू लागली. दुपारी तिनं शेजारच्या बायकांबरोबर वाळूची पिंड केली, पूजा केली, कहाणी ऐकली. मी जेवून झोपलो होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

चार दिवसांनी महालक्ष्म्या जेवल्या. आमच्या महालक्ष्म्या साखरखेर्ड्याजवळ गावी, मोठ्या भावाकडे बसतात. बायको आदल्या दिवशीच गेली होती. दोन्ही महालक्ष्म्यांची पोलकी तिनंच शिवली होती, काठाला बारीक गोट लावून. जेवणाच्या दिवशी सकाळपासून ती आणि वहिनी चुलीपुढे होत्या. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण. संध्याकाळी नैवेद्य झाला आणि बैठकीत समोरासमोर पंगती बसल्या. एकीकडे आम्ही पुरुष, समोर सवाष्णी. वहिनींनी बायकोला हाताला धरून सवाष्णींत बसवलं. म्हणाल्या, "बस माय, सकाळपासून उभी हाय तू. वाढाले मी हाव."

वहिनी गरम पोळी घेऊन आल्या. बायकोच्या ताटात पहिली पोळी संपत आली होती. वहिनी दुसरी टाकणार तेवढ्यात मी समोरून बोललो.

"वहिनी, तिले नका वाढू. अडतीस टक्के चरबी निघाली तिची. मशीननं पंचावन्न वर्षाची ठरवली तिले."

काही जण हसले. माझ्या शेजारचा एक चुलतभाऊ म्हणाला, "टक्के म्हणजे कसे बे?" आणि मास्तराला अजून काय पाहिजे? तुपाच्या वाटीत बोट बुडवून मी समजावून सांगितलं की शंभर किलोचं माणूस धरलं तर त्यात अडतीस किलो नुसतं हे. बोटावरचं तूप मी सगळ्यांना दिसेल असं वर धरलं होतं.

बायकोनं ताटावर हात आडवा धरला. पंगतीत नको म्हणायला धरतात तसा, पालथा. हळदीनं पिवळी झालेली बोटं, हिरव्या बांगड्या. तिच्या आजूबाजूच्या चारही जणी तिच्या ताटाकडे बघत होत्या.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "सवाष्ण जेवाले बसली हाय. आज तिच्यात लक्ष्मी पाह्यतेत." त्यांनी पोळी तिला दिली नाही, कुणालाच दिली नाही, टोपल्यात परत ठेवली.

मोठ्या भावानं विचारलं, "अन् तुहे किती टक्के?"

"मी कुठं गेलो अजून," मी म्हणालो.

ज्यांच्यापुढं समया तेवत होत्या त्या दोन्ही महालक्ष्म्यांच्या देखत मी हे म्हणालो. बायकोला माहीत होतं की मी गेलो होतो. वजन मीच तिला सांगितलं होतं. ती एक शब्द बोलली नाही. उरलेला घास तिनं कढीत बुडवून कसाबसा संपवला, कारण सवाष्णीनं ताटात टाकू नये.

तिथून तो हात आमच्या घरात आला. मी भाजी वाढू लागलो की ताटावर आडवा. भाकरी अर्धी, दुपारी नुसती काकडी, चहा बिनसाखरेचा. मला आधी बरंच वाटलं. मी स्टाफरूममध्ये सांगितलं की माणसाला आकडा दाखवला की माणूस सुधारतो, नुसत्या उपदेशानं होत नाही. नवरात्रात तिनं नऊ दिवस उपास केले आणि दसऱ्याला तिचा ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागला. शेजारणी म्हणाल्या, किती छान दिसून राह्यल्या. मी ती तारीफ निम्मी माझ्या खात्यात जमा करून घेतली. निम्मी म्हणजे मी कमीच सांगतो आहे.

दिवाळीच्या शिवणाची गर्दी होती. एका दुपारी मी शाळेतून आलो तर ती मशीनपुढे बोट धरून बसलेली. चक्कर आली होती, हात सरकला आणि सुई नखातून आरपार गेली होती. समोरच्या पिवळ्या कापडावर रक्ताचे ठिपके. आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "ध्यान कुठं होतं तुहं?"

डॉक्टरांनी पट्टी बांधली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला लावलं. अंगात रक्त फार कमी निघालं. त्यांनी तिला विचारलं, जेवण काय करता? ती म्हणाली, "करते ना." परतताना गाडीवर मागं बसून ती एवढंच बोलली, "डॉक्टरले टक्के नाही सांगतले तुम्ही?" मी गाडी चालवत होतो, म्हणून मागं वळून बघावं लागलं नाही. मला ते बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

दिवाळीनंतर आठवीला विजेचा धडा आला. दरवर्षीचा प्रयोग आहे. पेल्यात पाणी, त्यात दोन सळया, वायर, सेल आणि छोटा दिवा. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घेतलं की दिवा लागत नाही. चमचाभर मीठ टाकलं की लागतो. मुलांना मजा वाटावी म्हणून त्या वर्षी मी नवीन उदाहरण जोडलं. म्हणालो, आपल्या जिममध्ये मशीन आहे, ते असंच काम करतं. अंगातून करंट सोडतं. स्नायूत पाणी असतं, क्षार असतात, तिथून करंट सहज जातो. चरबीत पाणी जवळजवळ नाही, तिथं तो अडतो. मशीनला चरबी दिसत नाही रे, त्याला फक्त अडथळा कळतो. जेवढा अडथळा जास्त, तेवढी चरबी जास्त, असा ते हिशेब लावतं.

आणि मिठाचा चमचा हातात धरून मी तसाच उभा राहिलो. मंग तं अजून चांगलं. माझं मलाच ऐकू आलं.

जिच्या अंगात आदल्या रात्रीपासून पाणी गेलं नव्हतं तिला मी त्या पट्ट्यांवर उभं केलं होतं. अडथळा तर दिसणारच. वीस वर्षं मी हा प्रयोग करतो. फळ्यावर आकृती काढतो, बाण काढतो, परीक्षेत प्रश्न टाकतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि ती तहानलेली होती कशासाठी? हरतालिका कशासाठी करतात हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. माझ्या आयुष्यासाठी तिनं पाणी सोडलं आणि त्या सोडलेल्या पाण्याची मी चरबी मोजली, आणि बोटावर तूप घेऊन ती पंगतीला दाखवली. पुढचा तास मी कसा संपवला ते आठवत नाही. मुलांना वाचन करायला लावलं असावं.

शाळा सुटल्यावर सरळ जिममध्ये गेलो. ती मुलगी एकाला वजन उचलायला शिकवत होती. मी तिला बाजूला बोलावून विचारलं, निर्जळी उपासात माप घेतलं तर काय होतं?

"चुकते सर. चरबी जास्त दाखवते. किती ते नाही सांगता येत, पण चुकते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मी विचारलं होतं सर त्या दिवशी."

विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी बायकोला हे सांगू शकलो नाही. मी मुलांच्या वहीत लाल पेनानं चूक लिहितो तेव्हा क्षणभरही अडत नाही, पण माझी चूक मला तोंडानं म्हणवेना. मी आडमार्गानं जाऊ लागलो. बसस्टँडवरून गरम जिलेबी आणली. तिनं ताटावर हात धरला. सिंदखेडराजाहून पेढे आणले, ते तिनं शेजारी दिले. एकदा मी चिडून म्हणालो, "आता बास झालं, नीट जेवत जा." तर तिनं शांतपणे विचारलं, "काऊन? टक्के उतरले का?" चिडायचा हक्क मी केव्हाच घालवून बसलो होतो, तरी चिडलो आणि बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. ट्रक जात होते, उसाच्या गाड्या जात होत्या. मला स्वतःची किळस आली होती, हे सरळच लिहितो.

शेवटी एका रविवारी दुपारी, ती भाकरी थापत होती आणि मी पाटावर बसलो होतो, तेव्हा बोललो. सगळं सांगितलं. करंट, पाणी, अडथळा, मीठ, सगळं. अगदी धड्यासारखं. ती परातीत भाकरी गोल फिरवत राहिली.

"तुहं माप चूक होतं," मी म्हणालो. "तुह्यात काही खोट नव्हती. चूक माही होती."

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत हाय?"

"माप चूक होतं ते. त्या पोरीनं त्याच दिवशी सांगतलं, चप्पल घालताना. म्हणे ताई, आज आकडा बरोबर नाही आला, उपास झाला की चांगलं पाणी पिऊन परत या."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही वाचून राह्यले होते."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. मी विचारलं, "तुले माहीत होतं तं मंग जेवण काऊन सोडलं?"

"आकड्यासाठी कोण जेवण सोडते?" ती म्हणाली. "मी पंगतीत बसली होती. तुम्ही बोलले अन् सगळ्या माह्या ताटाकडं पाहून राह्यल्या. तवापासून घास उचलला की वाटते, कोणी पाहून राह्यलं. तोंडात फिरते नुसता." भाकरी उलटून ती पुढं म्हणाली, "दादानं तुमचे टक्के विचारले तवा तुम्ही म्हणले, मी गेलोच नाही. मी काही बोलली का?"

"नाही बोलली."

"नवरा हाय म्हणून नाही बोलली."

"मी आजच दादाले फोन करतो," मी घाईघाईनं म्हणालो. "सगळ्याले सांगतो की आकडा चूक होता."

तिनं तव्यावरची भाकरी विस्तवाला लावली. ती टम्म फुगली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"अन् बरोबर असता तं?"

मी वर्गात हजारो प्रश्न विचारले असतील. असा एकही विचारला नसेल. आकडा चूक निघाला याचं मला इतके दिवस दुःख होत होतं, आणि खरं तर आकडा चूक होता हीच मी माझी सुटका समजत होतो. तो बरोबर असता तर मी कधीच तोंड उघडलं नसतं. ती जन्मभर अर्धी भाकरी खात राहिली असती आणि मी स्टाफरूममध्ये त्याची फुशारकी मारत राहिलो असतो.

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. माझा हात आपोआप ताटावर गेला. "काढा हात," ती म्हणाली. "मले नाटकं नाही आवडत. गरम हाय तवर खा."

संध्याकाळी मी भावाला फोन केला. सांगितलं की मी तेव्हा खोटं बोललो, माझे एकतीस टक्के आहेत आणि पोटातला आकडा चौदा. भाऊ म्हणाला, "तुह्याकडं पाहूनच समजत होतं बे." वहिनींना फोन द्यायला सांगितला, तर वहिनी गोठ्यात होत्या.

हळूहळू ती जेवू लागली. गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, डॉक्टरांच्या लोखंडाच्या गोळ्या. तोंडावर तजेला आला. मी रोज सकाळी रस्त्याच्या कडेनं चालायला जातो. माझा पोटातला आकडा आता बारा आहे आणि मी तो कुणी विचारला तर सांगतो, न विचारता सांगत नाही. तिला मात्र मी पुन्हा मशीनवर चल म्हटलं नाही. एकदा वाटलं होतं की पाणी पिऊन नीट माप घ्यावं, खरं काय ते कळेल. मग स्वतःलाच विचारलं, ते कळून कुणाला काय करायचं आहे?

या वर्षी हरतालिकेला तिनं पुन्हा निर्जळी उपास धरला. मी म्हणालो, "पाणी तरी घे, तुहं रक्त कमी हाय." ती म्हणाली, "तुम्ही गप बसा." मग मीही मनाशी ठरवलं की आज आपणही पाणी प्यायचं नाही. तिला सांगितलं नाही. दुसऱ्या तासाला घसा सुकला, तिसऱ्या तासाला मुलांवर विनाकारण ओरडलो आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममधल्या माठापुढं हरलो. दोन ग्लास घटाघटा प्यायलो. घरी आलो तर ती पत्रीचं पान न् पान पुसून ताटात मांडत होती, ओठ कोरडे, आणि गुणगुणत होती.

मग महालक्ष्म्या आल्या. तीच बैठक, तशाच समोरासमोर पंगती. तिनं महालक्ष्म्यांची पोलकी या वर्षी जांभळी शिवली होती. मी गाडीवरून उतरल्यापासून फारसा बोललो नव्हतो. भाऊ दोनदा म्हणालाही, "काय बे, तब्येत बरी हाय ना?" बायको सवाष्णींत बसली. शेजारणीशी काहीतरी हसून बोलत होती, अगदी मोकळी, आणि मला वाटलं की झालं, मिटलं.

वहिनी दुसरी पोळी घेऊन तिच्यापुढं वाकल्या. तिचं हसणं थांबलं. हात ताटावर गेला नाही, मांडीवरच राहिला. पण पोळी घ्यायच्या आधी तिनं मान वर केली आणि समोर माझ्याकडे बघितलं.

"वाढा वहिनी," मी म्हणालो. "दोन वाढा." आवाज जरा मोठाच निघाला. पंगत हसली, वहिनीही हसल्या, आणि तिनं पोळी घेतली, तूप घेतलं, पूर्ण खाल्ली.

लग्नाला इतकी वर्षं झाली. घास घेण्याआधी ती माझ्याकडे कधी बघत नव्हती. आता बघते. घरी दोघंच जेवायला बसलो तरी बघते.